रेघेपलीकडचे दगड

राजाला स्वप्न पडलं आणि सूर्यदेवानं त्यात हा डोंगर दाखवला, असं राजधानीहून, कुस्कोहून येणारा प्रत्येक जण सांगतो. सांगताना डोळेही मिटतो. मी या डोंगरावर चार महिने खडी वाहिली आहे, तेव्हा मला काय दिसलं ते सांगते. म्हाताऱ्या डोंगराच्या खांद्याला दोन लांब भेगा आहेत. भेगांच्या कडेनं दगड आधीच फुटून पडलेला आहे, कुठून ओढून आणावा लागत नाही. वरच्या अंगाला झरा आहे आणि तो कोरड्या महिन्यांतही आटत नाही. दगड आणि पाणी एका जागी सापडलं की तिथं शहर बांधता येतं. हे कळायला चालत जाऊन बघावं लागतं. राजे पालखीतून जातात, आणि पालखीत झोप लागते.

ते असो. राजाच्या बिनमजुरीच्या कामावर आमच्या गावाची पाळी पावसाच्या मध्यावर लागली. चाळीस पुरुष, अठरा बायका. माझ्या नवऱ्याचे काका, वाल्का, आमचे मुकादम. आमच्याकडं झऱ्याच्या पाटाखालची सर्वांत शेवटची पायरी आली: साठ हात लांब, दीड माणूस उंच भिंत, मागं भराव, वर मक्यासाठी माती. मका कोणासाठी, तर वर्षातून दहा दिवस येणाऱ्या राजासाठी. ही भिंत पुरी करायची, पुनवेला कुस्कोचा सरदार येऊन बघणार, त्यानं मान डोलावली की आम्ही मोकळे.

आम्हाला मोकळं व्हायचंच होतं. आमचं गाव चार दिवस चालून, पार वर, जिथं गवताशिवाय काही उगवत नाही आणि बटाट्याशिवाय काही पिकत नाही. पहिला कडक गारठा पडला की बटाटे उघड्यावर पसरायचे, रात्री गोठू द्यायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. असा वाळलेला चुन्यो वर्षभर टिकतो. गारठा जेमतेम वीस दिवस नीट पडतो. त्या वीस दिवसांत तुडवायला पाय नसतील तर बटाटे सडतात, आणि पुढच्या पिकापर्यंत गाव गवताकडं बघत बसतं. गावात म्हातारे आणि पोरं तेवढी उरली होती. माझी दोन्ही पोरं त्यांतच.

पुनवेला अकरा दिवस असताना भिंत संपली. आता हे ऐकून कोणी आमचं कौतुक करेल, म्हणून ती कशी संपली तेही सांगते.

भिंत एका गावाला देत नाहीत. अर्धी वरच्यांना, अर्धी खालच्यांना. आम्ही वरचे. खालचे म्हणजे नदीकाठच्या गरम खोऱ्यातले, मका पिकवणारे, अंगानं गुबगुबीत आणि बोलण्यात त्याहून. त्यांचा मुकादम सुल्का नावाचा एक रुंद माणूस. साठ हातांच्या बरोबर मध्ये डोंगराच्या अंगावर लाल मातीनं रेघ मारली होती. रेघेच्या डावीकडं आम्ही, उजवीकडं ते. मग दिवसभर हेच.

"ए बटाटे! दम लागला का? खाली येऊन बसा, इथं हवा असते!"

"हवेनं फुगलात वाटतं सगळे! जरा दगड उचला, उतरेल!"

कोणाचा थर आधी चढतो यावर चार महिने पैजा. वरती देवळाच्या भिंतीवर कुस्कोचे पाथरवट एकच दगड महिना महिना घासत बसायचे, दोन दगडांत गवताची काडी जात नाही म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटायचे. आमच्या पायरीच्या भिंतीला कोण बघणार? तिला फक्त उभं राहायचं होतं. तेवढंही दोन्ही मुकादमांना जमलं नव्हतं, आणि ते मला भिंत संपली त्या दिवशी दिसलं.

भिंतीत खालच्या थरातला सांधा वरच्या दगडानं झाकायचा असतो. सांधेमोड म्हणतात तिला. हे आमच्याकडं जनावरांच्या गोठ्याची भिंत रचणाऱ्या पोरांनाही माहीत असतं. पूर्ण भिंतीत सांधेमोड नीट होती. फक्त रेघेवर नव्हती. आम्ही रेघेपर्यंत आलो आणि दगड सरळ कापून थांबलो. तेही रेघेपर्यंत आले आणि थांबले. पायापासून माथ्यापर्यंत एकच उभी फट, एकही दगड इकडून तिकडं गेलेला नाही. म्हणजे ही भिंत एक नव्हतीच. दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकमेकींकडं न बघता.

मला वाटलं, निदान मागचा भराव तरी सलग असेल. बघायला काय जातं. मी आणि नवऱ्यानं पाटातून सहा घागरी पाणी आणलं. आमच्या टोकाला दोन घागरी ओतल्या आणि मी कोकाच्या पानांचा ताजा विडा गालात धरला. विडा निम्मा फिका पडला तेव्हा पायथ्याच्या निचऱ्याच्या भोकातून पाणी आलं, स्वच्छ. खालच्यांच्या टोकाला दोन ओतल्या. तितकाच वेळ, तितकंच स्वच्छ. त्यांची खडी आमच्याइतकीच चांगली होती, हे मान्य करायला मला जड गेलं, पण पाणी खोटं बोलत नाही. मग रेघेवर दोन घागरी ओतल्या. एक विडा संपला. दुसरा लावला. दुसरा संपत आला तेव्हा भिंतीच्या फटीतून, भोकातून नव्हे, पाणी पाझरायला लागलं. गढूळ.

गढूळ पाणी म्हणजे आतली माती बाहेर चालली. मी माथ्यावर चढून काठीनं उकरलं. दोन्ही टोळ्यांनी रेघेच्या वीतभर अलीकडं थांबून खडी भरली होती. आपली खडी घसरून त्यांच्या भरावात गेली तर फुकट गेली ना! त्यामुळं मधे दोन विती रुंद पट्टा रिकामा राहिला होता आणि त्यात वरून ढासळलेला चिखल भरला होता. पुढच्या पावसात पाणी तिथं अडणार, भिंतीला ढकलणार, आणि ढकलायला फट तयारच होती. भिंतीच्या खाली पाळीवर येणाऱ्यांच्या झोपड्या आहेत. आमच्यानंतरची पाळी माझ्या बहिणीच्या गावाची.

मी काकांकडं गेले. ते उन्हात पाय पसरून बसले होते.

"काका, रेघेवर सांधेमोड नाही."

"मग?"

"खालपासून वरपर्यंत एक उभी फट आहे."

"आहे ना! कशी सरळ आहे बघ. त्या मकाखाऊंची बाजू बघ आणि आपली बघ."

"ती फट उघडणार, काका. आडवे दगड घालायला हवेत. आतला चिखल काढून खडी भरायला हवी. सहा दिवसांचं काम आहे, पुनवेला अकरा आहेत."

"सूनबाई," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. हा सूर ते काही कळत नसलं की काढतात. "आडवा दगड घातला तर निम्मा त्यांच्या हद्दीत जाणार. म्हणजे आपला निम्मा दगड त्यांना फुकट."

"मग त्यांचाही एक आपल्यात येईल."

"त्यांचा दगड? आपल्या भिंतीत?" काकांनी विडा थुंकला. "गावात तोंड दाखवायला जागा उरेल का मला? आणि उघडलेली भिंत पुनवेला पुरी नाही झाली तर? बसशील इथं अजून महिनाभर. बटाटे काय तुझा बाप तुडवणार?"

ही शेवटची गोष्ट मात्र खरी होती. त्या दिवशी पाटावर हात धुताना मला फटीतून पाझरलेलं गढूळ पाणी दिसत राहिलं आणि मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या, की घागरी ओतायची हौस कोणाला होती?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रेघेवर पाणी ओतत होते, तेव्हा खालून आवाज आला.

"काय गं बटाटे, भिंतीला अंघोळ घालतेस?"

ती तोक्तो होती, खालच्यांची दारू गाळणारी. तिच्या पाठीवर रिकामं मडकं होतं आणि तोंड कायम भरलेलं, कोकानं किंवा शिव्यांनी.

"हो गं मके. तुम्हाला अंघोळीची सवय नाही, निदान भिंतीला तरी असू दे."

ती हसली नाही. फटीतून येणाऱ्या पाण्यात बोट बुडवून तिनं ते उन्हात धरलं. मग फट पायापासून माथ्यापर्यंत नजरेनं मोजली.

"हा चिखल आमच्या बाजूचा आहे," ती म्हणाली.

"निम्मा आमचा आहे."

"सुल्काला सांगितलंस?"

"तुझा मुकादम तू सांग. माझ्याला सांगून झालं."

"माझ्याला सांगून उपयोग नाही. त्याला गेल्या वर्षी सांगितलं होतं की छपराला भोक आहे. तो म्हणाला, पाऊस बंद कर." तिनं मडकं खाली ठेवलं. "आमचा मका कापून झालाय, आम्हाला घाई नाही. पण या झोपड्यांत आमच्या गावची माणसंही झोपतात. तुझ्या मुकादमानं नेमकं काय सांगितलं?"

मी सांगितलं. निम्मा दगड फुकट, तोंड दाखवायला जागा नाही, सगळं.

"सुल्काही शब्दाला शब्द हेच म्हणेल," तोक्तो म्हणाली. "दोघं एकाच पोटचे असते तर आई एकाच कळेत मोकळी झाली असती." मग म्हणाली, "तुझ्या काकाला राग लवकर येतो का?"

"जेवणाआधी येतो."

"सुल्काला जेवणानंतर. बरं आहे, आधी तू सुरू कर."

दुपारी शिजवलेले बटाटे समोर ठेवायच्या आधी मी काकांना म्हटलं, "काका, खालचे हसत होते. सुल्का म्हणे, वरच्यांच्या दोऱ्या कुजक्या आणि खांदे त्याहून कुजके. म्हणून तर रेघ ओलांडून त्यांचा एक खडा सरकत नाही. रेघ नसती तरी सरकला नसता, म्हणे."

काकांनी भांडं बाजूला सारलं.

"असं म्हणाला?"

"मी म्हटलं, जाऊ दे. भांडण कशाला."

माझ्या अंदाजानं खाली तोक्तोलाही सुल्काला पेटवायला साधारण तेवढाच वेळ लागला असेल. ऊन कलायच्या आत काका बारा माणसं घेऊन भिंतीवर होते. रेघेला लागून आमच्या बाजूचे वरचे तीन थर उतरवले, चिखल उकरून फेकला आणि दोन माणसांना न पेलणारा एक लांब दगड दोरीनं ओढत आणून निम्मा सरळ खालच्यांच्या हद्दीत घुसवला. त्यासाठी खालच्यांचे तीन दगड काढून बाहेर टाकले.

"घे!" काका ओरडले. "मोज आता! कोणाचा खांदा कुजका?"

सुल्का धावत आला. त्यानं शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. आमच्याकडं लिहिण्याची पद्धतही नाही. मग त्यानंही तोच उद्योग केला. त्याचा दगड आमच्यापेक्षा हातभर मोठा होता आणि तो आमच्या हद्दीत दीड हात आला. त्यावर काकांनी म्हटलं की तुझा तर वरवरचा आहे, मर्द असशील तर पायापासून घुसव. मग भिंत पायापर्यंत उघडली.

पाच दिवस हे चाललं. एक दगड आमचा, एक त्यांचा, आलटून पालटून, प्रत्येक आधीच्यावर बसलेला, कारण ज्याचा दगड वर तो जिंकला. चौदा आडवे दगड गेले. इतकी घट्ट सांधेमोड वरच्या देवळातही नसेल. बायकांनी मागून खडी भरली. आम्ही आणि खालच्या बायका एकाच खड्ड्यात पाट्या ओतत होतो आणि वर पुरुष एकमेकांच्या आया काढत होते. कोणाच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की आपण काय करतोय.

सहाव्या दिवशी मी रेघेवर दोन घागरी ओतल्या. निम्मा विडा. स्वच्छ पाणी, भोकातून. तोक्तो शेजारी उभी होती. "बटाट्यांना मोजता येतं म्हणायचं," ती म्हणाली.

पुनवेला सरदार आला. टितु चाल्को त्याचं नाव. कानांत सोन्याच्या चकत्या, इतक्या मोठ्या की मान हलवायची तर आधी विचार करावा लागे. त्याच्या मागं दोन नोकर एक फळी घेऊन, फळीवर मातीचं अख्खं शहर: देवळं, घरं, पायऱ्या, सगळं बोटभर उंचीचं. कुस्कोत बसून बनवलेलं. त्यानं आमची भिंत बघितली, मातीची भिंत बघितली, परत आमची बघितली. मग भिंत मोजली, स्वतःच्या हातांनी. हात आखूड होते, त्यामुळं भिंत साठऐवजी सदुसष्ट हात भरली आणि तो खूश झाला.

मग तो मध्यावर थांबला.

"रेघ कुठं आहे?"

मी त्याच्यासाठी दारूचा पेला घेऊन उभी होते, अगदी जवळ. काकांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

"दोन गावांचं काम वेगळं दिसायला हवं. हे एकमेकांत कोणी घुसवलं?"

"यांनी, सरकार," काका म्हणाले.

"यांनी, सरकार," सुल्का म्हणाला, त्याच क्षणी.

"आम्ही नको म्हणत होतो—"

"आम्ही तर रेघेला हातही लावला नव्हता, सरकार, यांनी आधी—"

सरदारानं हात वर केला. मातीच्या भिंतीकडं पुन्हा बघितलं. दगडांवरून बोट फिरवलं: एक डावीकडून, एक उजवीकडून. आणि त्याचं तोंड हळूहळू पसरलं, जसं कमी कळणाऱ्या माणसाचं काहीतरी कळल्यासारखं वाटलं की पसरतं.

"प्यूमाचे दात," तो म्हणाला. "वरचा जबडा, खालचा जबडा. वरचे आणि खालचे, राजाच्या एका जबड्यात. हे स्वप्नात दिसल्याशिवाय सुचत नाही. राजाला हे दाखवायलाच हवं." तो मागं वळला. "सगळ्या पायऱ्यांवर हे हवं. चाळीस रेघा आहेत. ज्यांना हे सुचलं ती टोळी इथंच राहील, चाळीसही सांधे पुरे होईपर्यंत. मुकादमाला कुस्कोचं विणलेलं वस्त्र मिळेल. कोणाला सुचलं?"

चाळीस सांधे. एकाला पाच दिवस धरले तरी दोनशे दिवस. मी हिशेब केला तोवर काकांची छाती वर आली होती. मला ती छाती माहीत आहे. लग्नात दिसली होती, बारशात दिसली होती. त्यांनी तोंड उघडलं. माझ्या टाचेखाली त्यांचा अंगठा आला, आणि तोंड उघडंच राहिलं.

"सरकार," मी खाली बघत म्हटलं, "आम्ही डोंगरातली जाड डोक्याची माणसं. रेघ मारली की रेघेपाशी थांबतो. त्यापुढचं आम्हाला सुचत नाही. हे यांनी शिकवलं."

सुल्कानं माझ्याकडं बघितलं. त्याला विश्वास बसत नव्हता. एका डोंगराच्या बाईनं, सरदारासमोर, त्याच्या टोळीला शहाणं म्हटलं होतं. त्याला यात काही खोच आहे असं वाटायला हवं होतं, पण त्याआधी त्याला वस्त्र दिसलं.

"हो, सरकार," तो म्हणाला. "आमचंच. आमच्या खोऱ्यात अशीच बांधतात, आजोबांपासून. यांना तर दगड धरायलाही शिकवावं लागलं."

"अगदी खरं, सरकार," मी म्हटलं.

काकांच्या घशातून एक आवाज आला. मी टाच काढली नाही.

सरदारानं मान डोलावली, चकत्या सांभाळून. आम्हाला निघायची परवानगी दिली, तीही अशी की शिक्षा वाटावी: जाड डोक्याच्या माणसांची इथं गरज नाही, आजच निघा. नोकर फळी उचलून वरच्या पायरीकडं गेले. सुल्का त्यांच्या मागं, आजोबांचं आणखी काहीतरी सांगत.

तोक्तो तिथंच उभी होती. तिनं काही शिवी दिली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की तिनंही दिवस मोजले होते. मक्याची पेरणी पाऊस आला की होते, आणि दोनशे दिवस त्याच्या पलीकडं जातात. मी म्हणू शकले असते की दोघींनी मिळून केलं. मग त्यानं दोन्ही टोळ्या ठेवून घेतल्या असत्या, आणि त्यानं कोणाचं भलं झालं असतं? हे मी तिला समजावून सांगितलं नाही. तिला ते कळतच होतं.

"तुला मोजता येतं," ती एवढंच म्हणाली, आणि मडकं उचलून गेली.

आम्ही दुपारी निघालो. काका पहिले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खिंडीत वारा सुटला, तेव्हा त्यांनी थांबून बोट चाटून हवेत धरलं. डबक्याच्या कडेला पातळ बर्फ धरला होता. सगळ्यांनी चाल वाढवली.

गावात पोचलो तेव्हा म्हाताऱ्यांनी पहिल्या दोन रात्रींचे बटाटे गवतावर पसरून ठेवले होते आणि पोरं त्यांवर नाचत होती, वजन न पडता. आम्ही पाठीवरची ओझीसुद्धा उतरवली नाहीत. चपला काढल्या आणि बर्फाळ बटाट्यांवर उभे राहिलो.